बांधावरचे प्रेक्षक

आमच्या उमरठला सपाट जागा शोधावी लागते. पोलादपूरहून आत वळलं की रस्ता चढत-उतरत राहतो. दोन्ही अंगांना डोंगर, खाली ओढे, आणि मधल्या उतारावर एकाखाली एक काढलेली भाताची खाचरं. घरं उतारावर, वाड्या उतारावर, देवळाचं जोतंसुद्धा एका बाजूने पुरुषभर उंच. पावसाळ्यात खाचरांत पोटरीभर चिखल असतो. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, झोडणी होते, आणि मागे धसं उरतात. पौष-माघात ती जमीन वाळून टणक होते. तेव्हा कुठे गावाला खेळायला मैदान मिळतं. आमच्याकडे कबड्डीचं मैदान म्हणजे कुणाचं तरी खाचर.

तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद एवढी सलग जागा लागते. बायकांच्या सामन्याला १२ बाय ८ पुरते. असं खाचर वाडीत एखाददुसरंच असतं आणि ते कोणाचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. पोरं आधी धसं खणून काढतात, ढेकळं फोडतात, ओढ्यातून पाणी आणून मारतात, चोपण्याने जमीन बसवतात, वर चाळलेली माती पसरतात आणि फक्कीने रेघा आखतात. मालकाने कधी भाडं मागितल्याचं मी ऐकलं नाही. पुढच्या जेठात तिथेच नांगर घालायचा असतो, आणि तुडवून घट्ट झालेली जमीन नांगरताना बैलांचा जीव मेटाकुटीला येतो. तरी कोणी नाही म्हणत नसे.

खालच्या खाचरात सामना आणि वरच्या बांधावर प्रेक्षक, अशी सोय डोंगरानेच करून ठेवली आहे. पोरं अगदी रेघेपाशी, पुरुष पहिल्या बांधावर, बायका त्याच्या वरच्या बांधावर, म्हातारी माणसं आणखी वर, सावलीला. माझ्या आजीने आयुष्यात नाटक पाहिलं नाही, सिनेमा पाहिला नाही. कबड्डी मात्र ती जाणकारासारखी पाहायची. डावा कोपरा पाय टाकायला उशीर करतो हे तिला वरून दिसायचं आणि ती ते मोठ्याने सांगायचीही.

मैदानाचा हा भूगोल आधी सांगितला, कारण मला तिकिटाबद्दल लिहायचं आहे. तिकीट लावायला दार लागतं, आणि दार लावायला भिंत. उमरठच्या खाचराला दोन्ही नव्हतं. समजा असतं, तर माझी आजी बाहेरच राहिली असती. तिच्या हातात रोकड कधी नसायची. तांदूळ असायचे, अंडी असायची, कुळीथ असायचे. घरातल्या पुरुषाकडून चार आणे मागून घेऊन ती हुतूतू बघायला गेली असती, असं मला वाटत नाही.

मी या पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवलं. विद्यापीठाच्या सामन्यांना माणसं का येत नाहीत, हा प्रश्न नोकरीभर माझ्या मागे होता. प्राचार्य विचारायचे, संस्थेचे पदाधिकारी विचारायचे, बाहेरून आलेले पंच चहा पिताना विचारायचे. ‘तुमच्याकडे तर खेळाचं एवढं वेड आहे म्हणतात.’ वेड होतं आणि आहे. ते मोजायला लोक चुकीच्या दाराशी उभे होते, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे सिमेंटचं बास्केटबॉल मैदान झालं. त्या काळी आमच्या भागात ती मोठीच गोष्ट. विद्यापीठाचे विभागीय आंतरमहाविद्यालयीन सामने आम्ही मागून घेतले. मैदानाचा खर्च थोडा तरी निघावा म्हणून समितीत ठरलं, की पाच रुपये तिकीट लावायचं. महाडच्या छापखान्यातून गुलाबी कागदावर तिकिटं छापून आली, वर्गावर्गांत पुस्तकं वाटली. खपली ती बहुतेक प्राध्यापकांच्या खोलीत. सामन्याच्या दिवशी फाटकाशी टेबल टाकून मी बसले होते. आलेल्या संघांची मुलं, त्यांचे शिक्षक, पंच, गुणलेखक आणि तासाला दांडी मारलेली थोडी पोरं, एवढेच लोक होते. दुपारी जेवणानंतर फाटक सताड उघडलं, तिकीट रद्द केलं. तरीही कोणी आलं नाही. मला त्या दिवसातलं हेच महत्त्वाचं वाटतं. पाच रुपये आडवे आले असते, तर फाटक उघडल्यावर माणसं आत आली असती.

महिना आश्विन होता. बाहेर भात पिवळं पडलं होतं.

आता गावाकडच्या सामन्याचा हिशेब पाहा. तिथे बघायला पैसे पडत नाहीत अशी शहरातल्या लोकांची समजूत असते. पैसे पडतात, आणि सगळ्यांना पडतात. सामने ठरले की पावतीपुस्तक निघतं. घरटी वर्गणी ठरते. ज्याला रोख जमत नाही तो तांदूळ देतो, लाकडं देतो, नाहीतर दोन दिवस मैदानावर राबतो. बाहेरून येणारे संघ प्रवेश फी भरतात. पहिला चषक कोणी आईच्या स्मरणार्थ देतो, दुसरा कोणी वडिलांच्या. पंचांचं जेवण एका घरी, पाहुण्या संघांचं दुसऱ्या. आणि खरी गंमत सामना सुरू झाल्यावर. माईकवाला एका दमात चढाईचं वर्णन करतो आणि दुसऱ्या दमात देणगीदाराचं नाव वाचतो: अमुक वाडीच्या अमुक मुंबईकरांकडून मंडळास एकशे एक रुपये. कोपऱ्यातल्या पोराने एखाद्या नावाजलेल्या चढाईपटूचा घोटा धरला आणि मध्यरेषेच्या बोटभर अलीकडे त्याला झोपवला, की बांधावरून एखादा म्हातारा उठतो, खाली उतरतो, सामना थांबलेला असतो तेवढ्यात त्या पोराच्या हातात नोट ठेवतो आणि पुन्हा जागेवर जाऊन बसतो. तिकिटाचे पैसे खेळ बघण्याआधी द्यायचे असतात. हे पैसे बघून झाल्यावर, बघितलेलं आवडलं म्हणून, सगळ्यांसमक्ष आणि नावानिशी दिलेले असतात.

सामने संपले की देवळात जमाखर्च वाचला जातो. उरलेले पैसे कधी शाळेच्या कौलांना, कधी पाण्याच्या टाकीला, कधी देवळाच्या सभामंडपाला.

मराठी मुलखात करमणुकीचे पैसे देण्याची ही रीत जुनी आहे. कीर्तन संपल्यावर आरतीचं ताट फिरतं, गोंधळ्याला घरातून शिधा जातो, तमाशाची सुपारी गावच्या जत्रेच्या वर्गणीतून दिली जाते आणि पंचक्रोशी फुकट बघते. नारायणगावात आजही पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन आपल्या जत्रेसाठी फड ठरवून जातात. पैसा गाव देतं, बघतो तो येईल तो.

तिकीट त्या मानाने अलीकडचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. राजाने खर्च केला, लोकांनी पाहिलं. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय सुटला, आणि भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी माणूस तिकीट काढून नाटकाला बसला तो तिथपासून. त्याला भिंत होती, दार होतं, आणि दारात येणारा माणूस महिन्याचा पगार रोख घेणारा होता. या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय तिकीट रुजत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचा आखाडा बांधला. १९०२ च्या परदेश दौऱ्यात रोमचा जुना आखाडा पाहून त्यांच्या मनात ते आलं होतं. मधे लाल मातीचा हौद, भोवती चढती गोल बैठक, बाहेर दगडी भिंत आणि ठरावीक दरवाजे. तिथे कुस्तीला तिकीट लागलं आणि लोकांनी ते आनंदाने काढलं. खासबागेची ती चढती बैठक मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमचे बांधच आठवले. फरक भिंतीचा.

पण माझ्या गावच्या बांधाबद्दल लिहिताना एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी हजारो माणसांना घेऊन जावं लागलं, त्या मुलखात बिनतिकिटाचं मैदान आपोआप सर्वांचं होत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ मध्ये झाला होता, महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं १९२४ मध्ये जाहीरही केलं होतं. कागदावर तळं खुलं होतं आणि पाण्यापर्यंत जाता येत नव्हतं. माझ्या लहानपणी काही माणसं दूरच्या बांधावर वेगळी बसलेली मी पाहिली आहेत. त्यांना कोणी ‘येऊ नका’ म्हणत नव्हतं आणि ‘इथे बसा’ असंही म्हणत नव्हतं. वर्गणीच्या पावतीपुस्तकात नाव असणं आणि माईकवरून नाव पुकारलं जाणं, हा गावातला मान होता, आणि तो मान कोणाला मिळायचा हेही ठरलेलं होतं. म्हणून तिकिटाची एक बाजू मला मोलाची वाटते. थिएटरात आठ आण्याचं तिकीट काढणाऱ्याला आठ आण्याची खुर्ची मिळायची. त्याची वाडी कोणती हे दारावरचा माणूस विचारत नसे.

अर्थात तिकिटाची खुर्चीही दर वेळी इतकी निर्मळ नसते. मुंबईचे जातवार क्रिकेट सामने हे याचं मोठं उदाहरण. १९०७ ला तिरंगी, १९१२ ला हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे चौरंगी, १९३७ ला पाचवा संघ येऊन पंचरंगी. या सामन्यांना मुंबई लोटायची. गिरणगावातून, चाळींतून माणसं जायची. १९३७ च्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियम उघडलं, आणि त्याच वर्षी हिंदूंचा संघ स्पर्धेत उतरलाच नाही. भांडण होतं ते नव्या स्टेडियमवर कोणत्या जिमखान्याला किती जागा द्यायच्या याचं. खुर्च्यांची वाटणीसुद्धा जमातवार होती. १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांविरुद्ध मत दिलं, आणि १९४६ नंतर ते बंद झाले. बंद झाले ते योग्यच झालं. पण १९३४ पासून चाललेल्या रणजी करंडकाच्या सामन्यांना ती गर्दी सहसा लाभली नाही. खेळाडू तेच, मैदान तेच, खेळ कदाचित अधिक चांगला. माणसं ‘आपल्यां’ना बघायला येत होती, आपले म्हणजे कोण, हे बदललं तशी ती घरी राहिली. प्रांत ही ओळख तेव्हा लोकांच्या अंगात अजून मुरलेली नव्हती.

हेच मी आमच्या महाविद्यालयाच्या सामन्यांबाबत म्हणत आले. माझ्या कबड्डीच्या संघातली मुलं वर्षभर दोन बनियनं घालायची. एक महाविद्यालयाचं, एक गावच्या मंडळाचं. तोच मुलगा सप्टेंबरात महाविद्यालयाकडून खेळला तर बघायला त्याचा सख्खा भाऊ यायचा नाही, आणि फेब्रुवारीत मंडळाकडून खेळला की तीन वाड्या टेम्पोने यायच्या. महाविद्यालय गावातल्या माणसांचं झालेलंच नव्हतं. तिथे पोर शिकायला जातं, फी भरायची असते, दाखला आणायचा असतो. त्याच्या नावाने ओरडावं असं आत काही हललेलं नसतं. दुसऱ्या गावच्या महाविद्यालयाने आपल्याला हरवलं तर कोणाची झोप उडत नाही. शेजारच्या वाडीने हरवलं तर वर्षभर नळावर ऐकावं लागतं.

ही अडचण आमचीच आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग बास्केटबॉलचा इतिहास वाचताना अमेरिकेतली एक हकिगत सापडली. हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत शोधला, व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकून. तिथल्या महाविद्यालयीन प्रशिक्षकांच्या संघटनेने १९३९ मध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धा भरवली. आठ संघ होते. अंतिम सामना शिकागोजवळच्या एव्हनस्टन गावात, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या व्यायामशाळेत २७ मार्चला झाला. खेळले कोण, तर ओरेगन आणि ओहायो स्टेट. ओरेगन म्हणजे पार पश्चिमेच्या समुद्राकडचं. ४६–३३ ने ते जिंकले. संघटनेला २,५३१ डॉलरचा तोटा झाला. पुढच्या वर्षी अंतिम सामना कॅन्सस सिटीत ठेवला गेला. तिथे इंडियानाविरुद्ध कॅन्सस विद्यापीठाचा संघ होता. त्यांचं गाव लॉरेन्स तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर. नेस्मिथ स्वतः त्याच विद्यापीठात नोकरीला होते, तिथला पहिला संघ त्यांनीच घडवला होता, आणि ते आदल्याच नोव्हेंबरात वारले होते. सभागृह भरलं. कॅन्सस हरलं, पण स्पर्धेला सुमारे साडेनऊ हजार डॉलर नफा झाला. आज ज्या स्पर्धेवर अमेरिका महिनाभर वेडी होते, तिची ही पहिली दोन वर्षं. पहिल्या वर्षी यजमान विद्यापीठ होतं, पण गावाचं कोणी मैदानात नव्हतं.

खेळ परका म्हणून लोक येत नाहीत, हेही खरं नाही. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनने १९२० च्या दशकात नेबरहूड हाऊस काढलं, आणि त्या गल्ल्यांत बास्केटबॉल असा रुजला की तिथून देशाच्या संघात खेळाडू गेले. अब्बास मुनतसिर तिथलेच. १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तिथे मैदानाभोवती चाळी आहेत. खेळणारा पोरगा कोणाचा ते सज्जात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आमचा बांध आणि नागपाड्याचा सज्जा मला एकाच घराण्यातले वाटतात.

मुंबईचा विषय निघाला की उमरठचा अर्धा इतिहास निघतो. आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गिरण्यांत गेली. माझे वडील परळला साचेखात्यात होते. गावकीची एक खोली होती. पाळ्यांप्रमाणे माणसं आळीपाळीने झोपायची, ट्रंका भिंतीला लावलेल्या. त्या खोलीत गावचं मुंबई मंडळ बसायचं आणि गावच्या सामन्यांचा चषक तिथून यायचा. गिरणगावात कबड्डीला तोटा नव्हता. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ झालं, त्याच्या केंद्रांतून कामगारांच्या कबड्डी स्पर्धा व्हायच्या. तिथेही दारात तिकीट नव्हतं, पण कामगाराच्या पगारातून सहामाही वर्गणी कापून जायची. म्हणजे वडिलांनी ते सामने पैसे भरूनच पाहिले. पावती पगाराच्या चिठ्ठीवर होती.

आणि याच लोकांनी तिकिटं विकलीसुद्धा. शाळेला खोली बांधायची, देवळावर पत्रे घालायचे, असं काही निघालं की मुंबई मंडळ परळच्या दामोदर हॉलमध्ये खेळ लावायचं. नारायण मल्हार जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं ते नाट्यगृह. कोकणातल्या चाकरमान्यांची नाटकं, शक्ती-तुऱ्याचे सामने तिथे शतकभर झाले. तिकीटपुस्तकं प्रत्येक खोलीवर वाटली जायची. एकेका घरातून पाच-पाच तिकिटं घेतली जात आणि जाणारा एकच असे, कधी तोही रात्रपाळीला. खुर्च्या रिकाम्या असायच्या आणि तिकिटं संपलेली असायची. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण खोली बांधली जायची. आमच्या शाळेच्या एका वर्गाच्या भिंती अशा उभ्या राहिल्या. त्या वर्गात मी शिकले. म्हणून ‘तुमच्या लोकांना तिकीट काढायची सवय नाही’ हे वाक्य मला ऐकवत नाही. माझ्या लोकांनी न बघितलेल्या खेळांचीही तिकिटं काढली आहेत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील आणि त्यांच्यासोबतची माणसं गावी आली. त्या शिमग्याला बांधांवर इतके पुरुष बसले होते की पोरांना जागा उरली नाही. वर्गणी मात्र निम्म्यावर आली. चषकाऐवजी विजेत्यांना स्टीलचा हंडा दिला. माईकवरून एकावन्न रुपयेही वाचले गेले नाहीत, अकरा-अकरा वाचले गेले, आणि त्या अकराच्या आकड्याला टाळ्या पडल्या. बरेच जण पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. कोणी बडोद्याला गेले, कोणी नव्या महाड एमआयडीसीत लागले.

कबड्डीला पुढे दारं आणि भिंती दोन्ही मिळाल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जो खेळ जगाला दाखवला, १९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये ज्यात आपण सुवर्ण जिंकलं, त्याची २६ जुलै २०१४ ला वरळीच्या बंदिस्त सभागृहात लीग सुरू झाली. मॅट, दिवे, शहरांच्या नावाचे संघ. तिकिटं विकली गेली. मला त्याचा आनंदच आहे. आमच्या पोरांना खेळून पगार मिळू शकतो हे त्यांच्या आईबापांना पहिल्यांदा पटलं. पण तेव्हाही लोक ‘मुंबई’ म्हणून, ‘पुणे’ म्हणून आले, हे ध्यानात ठेवायला हवं. लीगवाल्यांनी पहिल्या दिवशी ओळखलं ते आमच्या विद्यापीठांना कळलेलं नाही. विद्यापीठ अजून सामने ‘उरकतं’. मुलं सकाळी पहिल्या एसटीने येतात, दोन सामने हरतात, वडापाव खाऊन परत जातात. कोण जिंकलं ते त्यांच्या गावातही कळत नाही.

याचं सर्वांत मोठं कारण वेळापत्रकात आहे, आणि ते दुरुस्त करता येण्यासारखं आहे म्हणून त्याबद्दल जास्त बोलायला हवं. आमचे आंतरमहाविद्यालयीन सामने बहुधा ऑगस्ट ते ऑक्टोबरात होतात. पुढे आंतरविद्यापीठ सामने असतात, त्याआधी संघ निवडायचा असतो. नियम म्हणून ते बरोबर आहे. पण हे तीन महिने आमच्याकडे काय असतात? श्रावणात बेणणी, भाद्रपदात गणपती, आश्विनात भात राखायचं आणि मग कापायचं. हाताशी असलेला प्रत्येक माणूस शेतात, चाकरमानी गणपतीचे दिवस संपवून मुंबईला. मैदानं ओली. आमचं मन मोकळं होतं ते माघापासून. तेव्हा आमची महाविद्यालयं परीक्षेत असतात. गावाचं पंचांग आणि विद्यापीठाचं वेळापत्रक यांची वर्षात एकदाही गाठ पडत नाही.

गाठ पडू शकेल असा एक दिवस आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले. तिथी माघ वद्य नवमी. त्यांची समाधी उमरठला आहे, शेलारमामांचीही. दरवर्षी त्या नवमीला पुण्यतिथी होते आणि दूरदूरहून माणसं येतात, मुंबईची मंडळं गाड्या करून येतात. खाचरं तेव्हा वाळलेली असतात. विद्यापीठाने सगळी स्पर्धा हलवू नये. निवड आधीच झालेली असेल तर असू दे. त्या वर्षीच्या विभागातले पुरुषांचे पहिले दोन संघ आणि महिलांचे पहिले दोन, असे दोनच सामने नवमीच्या आदल्या संध्याकाळी उमरठला ठेवावेत. माईकवर प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या नावापुढे महाविद्यालयाबरोबर गावाचं आणि वाडीचंही नाव पुकारावं. मुलींचा सामना आधी ठेवावा, म्हणजे बायकांना तो बघून चुलीकडे जाता येईल. बसायला कोणाचा कोणता बांध हे कोणी ठरवू नये. मॅट आणायची तर ती पोलादपूरपर्यंत ट्रकने आणि पुढे टेम्पोने येईल, पण मातीवर खेळायला मुलं तयार असतील तर खाचर गाव करून देईल. पंचांच्या जेवणाची काळजी नको. मी हे दोनदा लेखी मांडलं आहे, निवृत्तीनंतरही मांडते आहे, आणि तिकिटाच्या रकान्यात दोन्ही वेळा शून्य लिहिलं आहे. देणगीचा रकाना मोकळा ठेवला आहे. तो त्या संध्याकाळी माईकवाला भरेल.